१४ नंबरचा ड्रॉवर

मॅडम,

तुमचं नाव इथे घालत नाही. घातलं तर "माझं कशाला, तुझं लिही" म्हणून फोनवर झापाल. सांगलीत केमिस्ट्रीला तुमच्या हाताखालून गेलेल्यांना कळेलच कुणाबद्दल आहे ते.

परवा मला नोकरी लागली. हळदीच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत, केमिस्ट म्हणून. नेमणुकीचं पत्र घेऊन मार्केट यार्डातून निघाले आणि रिक्षात बसल्यावर रडूच फुटलं. रिक्षावाल्याला वाटलं, कुणीतरी गेलं. उतरताना त्यानं दहा रुपये कमी घेतले. खुलासा करायचं भानही मला राहिलं नाही, त्याचेही दहा रुपये देणं लागते.

२०१९ चा ऑगस्ट आठवतो ना? आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. आमच्या घरात दाराच्या चौकटीपर्यंत. फ्रीज गेला, गाद्या गेल्या, त्याचं काही नाही. पत्र्याच्या पेटीत माझी फाइल होती. बोर्डाची प्रमाणपत्रं, एस.वाय.ची मार्कशीट, दाखला, सगळ्याचा लगदा. एस.वाय. झाल्यावर लग्न झालं आणि शिक्षण सुटलं, त्याला नऊ वर्षं झाली होती. नेमकं त्याच वर्षी टी.वाय. पूर्ण करायचं मी ठरवलं होतं.

जिथे दोन वर्षं शिकले त्या कॉलेजात आधी गेले. खिडकीतून उत्तर आलं, "ओरिजिनल आणा." पुरात गेलं म्हटलं, तर "पुराचा पुरावा काय?" आमच्या भिंतीवरची पाण्याची रेघ सोलून न्यायची तेवढी राहिली होती! वर आणखी एक घोळ. जुन्या नोंदीत माहेरचं नाव, आधारकार्डावर सासरचं. तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला आतले एक साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, आता मुलीला शिकवा की. तुम्हाला कशाला हा ताप?" त्यांनी रागानं हाकललं असतं तर मी भांडले असते. त्यांच्या त्या मायेनंच मी गार पडले.

मग तुमच्याकडे आले. कागद कसे उभे राहिले, कुणाकुणाला तुम्ही फोन केले, ते सगळं सोडते. ते काम पुढे महिनाभर चाललं आणि माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त केलंत. मला आठवतो तो पहिला दिवस. माझ्याकडे एकही कागद नव्हता. तुम्ही ऐकून घेतलंत, उठलात, लॅबमध्ये नेलंत. १४ नंबरचा ड्रॉवर ओढून आतलं सामान मोजलंत. दोन बीकर, एक कोनिकल फ्लास्क, टेस्टट्यूब होल्डर, पिपेट. मग पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा दातानं तोडलात, निळं पेन काढलंत आणि विचारलंत, "काय लिहू? माहेरचं, का सासरचं?"

मॅडम, हे मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. लग्नात विचारलं नव्हतं, खिडकीवर तर नाहीच. मी म्हटलं, नुसतं नाव लिहा. तुम्ही नुसतं नाव लिहिलंत, पट्टी अंगठ्यानं घट्ट दाबलीत आणि म्हणालात, "सोमवारी ॲप्रन घेऊन ये."

कमलाबाईंची गोष्ट तुम्ही हप्त्याहप्त्यानं सांगायचात, टायट्रेशन चालू असताना, ब्युरेटच्या नळीतून थेंबथेंब सोडत रंग बदलायची वाट बघताना. थेंबावर नजर, तोंडानं शास्त्रज्ञ कमला सोहोनी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गुलाबी रंग यायच्या नादात माझं रीडिंग चुकलं होतं. जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील आणि काका दोघेही बंगळुरूच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले. दुर्गाबाई भागवतांची ही बहीण. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी., तीही पहिल्या नंबरानं, आणि पुढचा अर्ज अर्थातच त्याच संस्थेत. संचालक सी. व्ही. रामन. नोबेल मिळून तीन वर्षं झालेली. त्यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. पोरगी तिथून हलली नाही, सत्याग्रह करीन म्हणाली. शेवटी घेतलं, पण अटी घालून. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, गाइड सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचं, आणि तिच्यामुळे संस्थेचं वातावरण बिघडता कामा नये.

"म्हणजे वर्षभर ती तिथे होती आणि नव्हतीही," असं तुम्ही म्हणालात आणि ब्युरेटचा कॉक बंद केलात. तेव्हा मला माझ्या ड्रॉवरवरची पट्टी दिसली. त्या महिन्यात माझं नाव कॉलेजच्या एकाही रजिस्टरात नव्हतं. होतं ते फक्त त्या पट्टीवर.

गाइड श्रीनिवासय्यांच्या हाताखाली तिनं दुधातल्या आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं, १९३६ मध्ये एम.एस्सी. झाली, आणि त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. मग केंब्रिज. तिथे रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या पेशी श्वसन कसं करतात त्याचा शोध, बटाट्यापासून सुरुवात. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी, म्हणजे श्वसनाला लागणारं एक प्रथिन असतं, हे तिनं दाखवलं. प्रबंध अवघा चाळीस पानांचा! आमच्या प्रोजेक्टांची जाडी बघून तुम्ही का हसायचात ते मला फार उशिरा कळलं. १९३९ मध्ये पीएच.डी. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतात. हिल यांच्याबरोबरच्या शोधनिबंधावर नाव आहे भागवत. आपण ओळखतो सोहोनी म्हणून. खिडकीवरच्या त्या माणसानं त्यांनाही तीन खेपा घालायला लावल्या असत्या.

परत आल्यावर दिल्लीचं लेडी हार्डिंग, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा, १९४७ मध्ये लग्न होऊन मुंबई. तिथल्या विज्ञान संस्थेत त्या शिकवत राहिल्या आणि विद्यार्थ्यांना घेऊन नीरेवर, ताडामाडाच्या ताज्या रसावर, काम केलं. गरिबाच्या पोराच्या पोटात काय जातं, हा त्यांचा विषय. संस्थेचं संचालकपद मात्र हक्काचं असूनही वर्षानुवर्षं अडवून ठेवलेलं. उशिरा का होईना, मिळालं. पुढे ग्राहकांना भेसळीबद्दल सावध करायच्या कामातही त्या होत्या. १९९८ मध्ये गेल्या.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचा रामन यांच्या फोटोला हार असायचा. तुम्ही शेजारी कमलाबाईंचा झेरॉक्स काढलेला फोटो टेकवून ठेवायचात, तेवढाच मोठा हार घालून. एकदा कुणीतरी नाक मुरडलं, तर तुम्ही म्हणालात, "रामन मोठेच. म्हणून तर दार उघडायला लावणारी आणखी मोठी." आणि चहा घ्यायला निघून गेलात. रामन सरांचा अपमान झाला म्हणून स्टाफरूममध्ये आठवडाभर कुजबुज चालली होती म्हणे. चालू दे.

पुरात आम्ही चार दिवस शाळेच्या वर्गात होतो. कुठल्या कुठल्या गावांतून टेम्पो भरून भाकरी आल्या, ठेचा आला. एका गाठोड्यात भाकरींच्या मधे कुणीतरी पानात बांधून चिमूटभर हळद-कुंकू ठेवलं होतं. कुठल्या गावची बाई, काय नाव, कधी कळणार नाही. तिनं भाकरी देताना माणूस मोजला नाही, आणि कुठल्या बाईचं कुंकू वाहून गेलं असेल याचा विचार केला. तुमच्या चिकटपट्टीची जात तीच. खिडकीवरच्या माणसाला ती जमत नाही असंही नाही. त्याच्या ड्रॉवरमध्येही चिकटपट्टी असतेच की.

आता माझं काम सांगते, तुम्हाला ऐकायचं असेल. हळदीचा अर्क काढायचा, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकायचे. लालसर गुलाबी होतो. मग पाणी घालायचं. रंग गेला तर हळद खरी, तसाच राहिला तर मेटॅनिल यलो, भेसळीचा पिवळा रंग. पहिल्या दिवशी पाणी घालताना माझा हात थरथरला, इतकी वर्षं करूनसुद्धा. रंग गेला. सुपरवायझर म्हणाले, "हळदच आहे हो, घाबरताय काय!"

ती पट्टी माझ्याकडे आहे. शेवटच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी नखानं सोडवून घेतली होती, तुम्हाला न विचारता. वहीत चिकटवली आहे. निळी शाई जरा फिकट झाली आहे, पण नाव वाचता येतं.

रविवारी येते. लेकीला आणते, आठवीत गेली ती. हळद पण आणते, हरिपूरच्या ओळखीच्या घरातली. तपासलेली आहे.

तुमची,
१४ नंबर