लेथचा प्ले काढताना

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या दोन तक्रारी: लेथच्या क्रॉस स्लाइडचं (टूल आडवं पुढे-मागे नेणाऱ्या भागाचं) हँडल उलट फिरवलं की पाव फेरा रिकामा जातो, आणि पार्टिंग (फिरणारा तुकडा कापून वेगळा) करताना टूल थरथरतं. दोन्हींवर गिब (स्लाइडमधली फट भरणारी पट्टी) आवळ, असं तुला सांगितलं गेलं. ते अर्धंच बरोबर. रिकामा फेरा हँडलने फिरणारा स्क्रू आणि स्लाइड ओढणारा नट यांच्यातला असतो, थरथर बऱ्याचदा स्लाइडमधली. गिब कितीही आवळलीस तरी रिकामा फेरा जात नाही. हँडल तेवढं जड होतं, आणि जडपणालाच लोक प्ले (सैलपणा) गेला असं समजतात.

आधी मेन स्विच बंद कर. मग नट स्लाइडला धरणारा स्क्रू काढ (बऱ्याच छोट्या लेथवर तो वरूनच दिसतो), म्हणजे स्लाइड नुसत्या हाताने पुढे-मागे ढकलता येईल. आता हाताला लागतं ते फक्त स्लाइडचं. गिब बाहेर काढ, रॉकेलने धू, डवटेलचा (स्लाइड चालते त्या तिरप्या खाचेचा) आतला कोपरा चिंधीने कोरून काढ. बारीक चिप्स आणि चिकट झालेलं तेल तिथेच बसतं, आणि साफसफाईनेच निम्मा त्रास जातो. नंतर ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल लाव. ग्रीस नको, त्यात चिप्स रुतून बसतात आणि स्लाइड घासली जाते.

गिब परत बसवताना बाजूच्या स्क्रूंची टोकं तिच्यावरच्या खड्ड्यांत नीट बसली आहेत का, बघ. नाहीतर दिशा बदलली की गिबच थोडी सरकते आणि हँडलला झटका लागतो. सगळे लॉकनट (स्क्रू जागेवर धरणारे नट) सैल ठेवून एकेक स्क्रू स्लाइड अडेपर्यंत आवळ, मग साधारण एक-अष्टमांश फेरा मागे घे. लॉकनट आवळताना ॲलन की हलू देऊ नकोस. तरीही लॉकनट बसला की स्क्रू किंचित जागा बदलतोच, म्हणून प्रत्येक वेळी स्लाइड पुन्हा ढकलून बघ. यातच सगळा वेळ जातो, जाऊ दे. गिब निमुळती असेल तर दोन टोकांना दोन स्क्रू असतात: एक सैल केल्याशिवाय दुसरा आवळायचा नाही.

तपासायला डायल इंडिकेटर (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं उपकरण) कॅरेजवर (क्रॉस स्लाइड वाहून नेणाऱ्या भागावर) लाव, टोक स्लाइडच्या बाजूला टेकव आणि टूलपोस्ट चकच्या (तुकडा पकडून फिरवणाऱ्या भागाच्या) दिशेने व उलट हाताने ढकल. काटा ०.०२ मिमीच्या आत हलला तर पुरे. मग स्लाइड टोकापासून टोकापर्यंत चालव. जुन्या मशीनवर मधला भाग झिजलेला असतो, मध्ये बरोबर बसवलेली गिब टोकाला अडते. जिथे सगळ्यात घट्ट वाटते तिथे बसव, मधला थोडा प्ले सहन कर.

आता रिकामा फेरा. स्क्रूचा पिच (एका फेऱ्यात पुढे जाण्याचं अंतर) २ मिमी धरला तर पाव फेरा म्हणजे ०.५ मिमी, हे फार झालं. ०.१ ते ०.१५ मिमी चालतं. हँडल उलट-सुलट फिरवत डायलची कॉलर (हँडलजवळची आकड्यांची कडी) आणि ब्रॅकेट (स्क्रूचं हँडलकडचं टोक धरणारा भाग) यांच्यामधल्या फटीवर बोट ठेव. कॉलर आत-बाहेर हलली तर स्क्रूलाच एंड प्ले (लांबीच्या दिशेने सैलपणा) आहे, तो हँडलमागच्या लॉकनटने काढ. कॉलर जागेवर राहिली आणि स्लाइड उशिरा हलली तर नट झिजलाय. मुद्दाम चीर दिलेला नट असेल तर त्याचा ॲडजस्टिंग स्क्रू थोडा आवळ, पण स्लाइड शेवटच्या टोकाला नेऊन. स्क्रू मध्ये जास्त झिजतो. तिथे नट आवळलास तर टोकाच्या ताज्या आट्यांवर तो जॅम होतो.

नट परत लावताना त्याचा स्क्रू आधी सैलच ठेव. हँडल फिरवून स्लाइड ब्रॅकेटच्या जितकी जवळ येईल तितकी आण, नट आपोआप स्क्रूच्या रेषेत येऊ दे, मगच आवळ. हे टाळलं की स्लाइड जवळ येईल तसं हँडल जड होतं आणि दोष गिबला दिला जातो. दर फेऱ्याला एकाच जागी जड लागत असेल तर मात्र स्क्रू वाकलाय.

शून्य प्ले होणार नाही, त्याच्या मागे लागू नकोस. माप एकाच बाजूने घ्यायचं: आकडा ओलांडला तर निदान अर्धा फेरा मागे जाऊन पुन्हा पुढे यायचं.

पार्टिंगला कॅरेज आणि कंपाउंड (क्रॉस स्लाइडवरची छोटी स्लाइड) दोन्ही लॉक कर, टूल गरजेपुरतंच बाहेर काढ, धार बरोबर सेंटरला ठेव. तरी थरथरलं तर कॅरेजखालच्या मागच्या पट्टीचा प्ले बघ. बेड (कॅरेज ज्यावर सरकतं तो) चकजवळ जास्त झिजतो, म्हणून ती पट्टी टेलस्टॉककडे (चकच्या विरुद्ध टोकाला) नेऊन बसव, नाहीतर कॅरेज अर्ध्या वाटेत अडकेल.

तुझे
बाबा