मोतमाऊली मराठ्यांच्या राज्यातच परत आली

मा. संपादक, स.न.वि.वि.

सप्टेंबर लागला की बांद्र्याच्या जत्रेचे फोटो सुरू होतात आणि त्याच्या मागोमाग व्हॉट्सअ‍ॅपवर ते दोन फॉरवर्डपण येतात. एकात असतं की मराठ्यांनी माउंट मेरी, म्हणजे बांद्र्याच्या टेकडीवरचं मोतमाऊलीचं चर्च, पाडलं, दुसऱ्यात असतं की ते पोर्तुगीजांचं, आपला काय संबंध. यंदा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाच सकाळी दोन्ही आले, म्हणून हे पत्र.

माझं म्हणणं एवढंच आहे की दोघंही अर्धीच गोष्ट सांगतात. तिथली मारियाची मूर्ती सोळाव्या शतकात जेझुइट पंथाच्या कॅथलिक पाद्र्यांनी पोर्तुगालहून आणली असं मानतात. १७०० मध्ये अरब चाचे आले आणि हातात सोनेरी वस्तू आहे म्हणून मूर्तीचा उजवा हातच तोडला. पुढे १७३७ ते १७३९ ची मराठ्यांची पोर्तुगीजांवरची वसईची मोहीम, त्या धामधुमीत टेकडीवरचं चॅपल, म्हणजे छोटं चर्च, पडलं, हे खरंय, त्यात लपवायचं काय? वसईच्या चर्चमधल्या घंटा आजही मेणवलीला आणि भीमाशंकरला आहेत, आपण तिथे जाऊन हौसेने फोटो काढतोच की.

पण पुढचं कोणी टाइप करत नाही. मूर्ती खाडीपलीकडे माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नेली (तेच ते बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेचं चर्च), माहीम तेव्हा इंग्रजांकडे, म्हणजे जागा सेफ. तिथे ती वीसेक वर्षं राहिली आणि १७६०-६१ च्या सुमारास टेकडीवर चर्च पुन्हा बांधून मूर्ती परत आणली. आता जरा हिशोब करा, साष्टी, म्हणजे बांद्रा ज्यात येतं ते बेट, इंग्रजांनी घेतली १७७४ च्या डिसेंबरात, म्हणजे चर्च परत उभं राहिलं तेव्हा बांद्र्यावर राज्य पेशव्यांचं होतं! तिकडे पानिपत चाललं होतं त्याच सुमाराला इकडे मोतमाऊली आपल्या टेकडीवर परत आली. मला तरी शाळेत हे कोणी सांगितलं नाही.

आणि कोळी? त्यांची गोष्ट वेगळीच आहे, एका कोळ्याला स्वप्न पडलं की मूर्ती समुद्रात सापडेल आणि ती खरंच तरंगताना सापडली. कागद काय म्हणतो ते बाजूला ठेवा, मला स्वप्नाची गोष्ट जास्त आवडते, कारण त्यात देवी पाण्यातून येते आणि पहिल्यांदा कोळ्यालाच भेटते. माउंट मेरी हे नाव कागदावर, कोळणींच्या तोंडी मोतमाऊलीच. कोणी म्हणतं ‘मोत’ म्हणजे मोती, कोणी म्हणतं पोर्तुगीज ‘मोंते’ म्हणजे डोंगर. काही असो, ‘माऊली’ हा शब्द कुठून आला ते वारकऱ्यांना विचारायला नको.

आत्ताचं दगडी चर्च १९०४ चं, आर्किटेक्ट शापूरजी चांदाभॉय, खर्च तेव्हाचे लाखभर रुपये. १९५४ मध्ये पोपनी त्याला बॅसिलिका, म्हणजे खास मानाचं चर्च, केलं. चर्च कॅथलिकांचं, नकाशा पारशाचा, नवस सगळ्यांचे. ८ सप्टेंबरला मारियाचा जन्मदिवस, त्याच्या पुढच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा. पायथ्याशी मेणाचे हात, पाय, बाळं, घरं विकायला असतात, ज्याचं जे दुखतं किंवा ज्याला जे हवं ते घ्यायचं आणि वर वाहायचं. माझी आई गुडघ्यासाठी दरवर्षी मेणाचा पाय घ्यायची आणि मंगळवारी सिद्धिविनायकालाही जायची, गुडघा नेमका कोणी बरा केला हा प्रश्न घरात कधी आला नाही.

एकच मागणी आहे. जत्रेच्या बातमीत दरवर्षी गर्दी, ट्रॅफिक आणि जादा बस एवढंच छापता, यंदा एक चौकट इतिहासाची द्या ना, त्यात १७३९ छापा आणि शेजारी १७६१ पण छापा. सोसायटीच्या ग्रुपवर मीच टाकतो.

आपला,
एक वाचक, वांद्रे (पश्चिम)