वैद्यकीय विद्यार्थ्यांची हृदयविकार-तपासणी पहिल्याच वर्षी व्हावी : वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकात पहिल्या वर्षाचे विद्यार्थी जोड्या करून एकमेकांचा रक्तदाब मोजतात. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याच्या जर्नलमध्ये १५०/९६ असा आकडा मी पाहिला, पट्टा नीट बांधला होता ना एवढे विचारले आणि खाली सही केली. तोच आकडा बाह्यरुग्ण विभागातल्या एखाद्या केसपेपरवर असता, तर त्या माणसाला मी पुन्हा बोलावले असते. पुढे तिसऱ्या वर्षात त्या मुलाला उच्च रक्तदाब असल्याचे निदान झाले, तोवर ते जर्नल कपाटात जाऊन पडले होते. चूक माझीच होती. पण असा आकडा दिसल्यावर विद्यार्थ्याला कोणाकडे पाठवायचे याची काहीच व्यवस्था नव्हती, आणि त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

अठरा-वीस वर्षांच्या मुलांना हृदयविकार कुठून होणार, असे आपल्याला कोणी सांगेल. कोरियन युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा सरासरी २२ वर्षे वयाच्या त्या तरुणांपैकी सुमारे ७७ टक्क्यांच्या हृदयधमन्यांत विकाराच्या खुणा डोळ्यांना दिसण्याइतक्या स्पष्ट होत्या. वाढलेले कोलेस्टेरॉल दुखत नाही, उपाशीपोटी १०० च्या वर गेलेली साखर जाणवत नाही, आणि साधारण २५० जणांमागे एकात आढळणारा आनुवंशिक कोलेस्टेरॉलदोष रक्त तपासल्याखेरीज बहुधा कळतच नाही. त्यात आमच्या विद्यार्थ्यांची जागरणे, तासन्‌तास बैठक, अवेळी जेवण आणि पुढे आंतरवासितेतल्या (इंटर्नशिपमधल्या) रात्रपाळ्या.

प्रवेशाच्या वेळी आणि आंतरवासितेपूर्वी पुन्हा एकदा प्रत्येकाचा रक्तदाब, कंबरेचा घेर, उपाशीपोटी साखर आणि रक्तातील चरबी मोजावी, आई-वडील व भावंडांपैकी कोणाला कमी वयात हृदयविकार झाला का हे विचारावे, एवढीच मागणी आहे. टेप, रक्तदाबमापक, प्रयोगशाळा आणि मोजणारे हात महाविद्यालयात आधीच आहेत. एका मोजणीवरून मात्र कोणालाही रुग्ण ठरवू नये. घाबरलेल्या मुलाचा रक्तदाब चढतोच, तेव्हा वेगळ्या दिवशी शांत बसवून तो पुन्हा घेतला पाहिजे.

सर्वात जास्त काळजी मला गोपनीयतेची वाटते. अहवाल प्राचार्यांच्या टेबलावर किंवा वर्गाच्या यादीत गेला, तर पुढच्या वर्षी मुले तपासणीला येणार नाहीत, आणि ज्यांना तिची गरज आहे तीच आधी टाळतील. म्हणून तपासणी ऐच्छिक असावी, निकाल फक्त विद्यार्थ्याच्या हाती पडावा आणि त्याचा प्रवेशाशी, परीक्षेशी वा नेमणुकीशी काहीही संबंध नसावा. शिवाय निदानानंतर उपचाराची सोय असलीच पाहिजे, ही अट जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या तपासणीच्या निकषांतही आहे. त्यामुळे दोष आढळलेल्या विद्यार्थ्याला ठरलेल्या डॉक्टरांची वेळ आणि त्या वेळेपुरती वर्गातली हजेरी मिळेल, असे आदेशातच नमूद करावे.

हा आदेश यंदा प्रवेश घेणाऱ्या तुकडीपासून लागू करावा आणि प्रात्यक्षिकात जास्त रक्तदाब आढळलेल्या विद्यार्थ्याला कोणाकडे पाठवायचे हे प्रत्येक शरीरक्रियाशास्त्र विभागाला लेखी कळवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
शरीरक्रियाशास्त्राची एक अध्यापिका