पूर आल्यावर ब्लँकेट पाठवण्यापेक्षा आत्ता हात पुढं करा : संकेश्वरकरांना आवाहन

नमस्कार मंडळी. गावात राहणारे, आणि पुण्या-मुंबईला, कोल्हापूर-बेळगावला जाऊन स्थायिक झालेले, सगळेच संकेश्वरकर.

हे आवाहन पैशासाठी आहे, ते पहिल्यांदाच सांगून टाकतो. मे महिना चाललाय, हिरण्यकेशी नदीत पोरं चालत पलीकडं जातायत आणि आम्ही पुराच्या नावानं वर्गणी मागत फिरतोय म्हणून दोन-चार जण हसले सुद्धा. हसू देत. पाणी ओसरल्यावर मदत भरपूर येते हो, २०१९ ला पण आली, २०२१ ला पण आली, टेम्पो भरभरून बिस्किटं, ब्लँकेट, जुने कपडे, आणि ज्यांनी पाठवलं त्यांचे उपकार आहेतच, पण तोवर ज्याचं जायचं ते गेलेलं असतं. चिखलात बसलेल्या माणसाला पाचवं ब्लँकेट देऊन काय होणार? त्याच्या घरातली शिलाई मशीन आदल्या रात्री माळ्यावर चढली असती तर त्याला ब्लँकेट मागायची पाळीच आली नसती. म्हणून यंदा नदीकाठच्या गल्ल्यांतली तरुण मंडळं, स्त्रीशक्ती संघाच्या बायका आणि मार्केटमधले काही व्यापारी असे मिळून पूर समिती केलीय, आणि ठरवलंय की पैसा मृगाच्या आधी गोळा करायचा आणि मृगाच्या आधीच खर्च करायचा.

आता आपल्याकडं पाणी येतं कुठनं ते एकदा नीट समजून घेऊया, कारण चहाच्या टपरीवर अजून पण आलमट्टी धरणाचं नाव निघतं. आलमट्टीचा वाद सांगली-शिरोळकडच्यांचा आहे, तो त्यांचा त्यांना घालू दे, आलमट्टी भरते ५१९.६० मीटरपर्यंत आणि संकेश्वर त्याच्यापेक्षा शंभर मीटरहून जास्त उंचावर आहे, तिथलं पाणी उलटं चढून आपल्या दारात येणार नाही. हिडकल धरणाचं पण तसंच, ते घटप्रभेवर, आपली हिरण्यकेशी पुढं जाऊन घटप्रभेला मिळते आणि मग हिडकलचं सोडलेलं, आपलं आणि मार्कंडेयचं असं सगळं मिळून गोकाकवाल्यांच्या उरावर बसतं. आपल्या दारात येतं ते आंबोलीचं पाणी. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आपण इथं ढगांकडं बघत मिरची-सोयाबीनचा हिशोब करत असतो. ते पाणी आजरा, गडहिंग्लज करत आपल्याकडं उतरतं, वाटेत मुख्य नदीला अडवून धरणारं मोठं धरण नाही, चित्री आहे ती उपनदीवर आणि लहान, ती भरली की तिचं पण खालीच येतं. गंमत म्हणजे पूर येतो त्या दिवशी संकेश्वरात कधी कधी नुसती भुरभुर असते. लोक म्हणतात पाऊसच नाही तर पूर कसला, आणि रात्री पायरीला पाणी लागतं.

पण यातच आपला फायदा पण आहे. आंबोलीत पडलेलं पाणी लगेच पोचत नाही, त्याला वेळ लागतो, आणि वाटेत ते निरोप देत येतं. ऐनापूर, निलजी, नांगनूर हे बंधारे पाण्याखाली गेले, गडहिंग्लजच्या भडगाव पुलावर पाणी आलं, की आपल्याकडं आवराआवर सुरू झाली पाहिजे. जुन्या माणसांना हे माहीत आहे, फोन करून विचारतात पण, पण ज्याचे तिकडं पाहुणे आहेत त्यालाच कळतं. कोल्हापूर जिल्ह्याचा आपत्ती कक्ष पावसाळ्यात रोज कुठले बंधारे पाण्याखाली ते जाहीर करतो, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत, आपण पडलो कर्नाटकात. आपल्याला इशारा यायचा तो बेळगावच्या डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसकडनं, हुक्केरी तहसीलमार्गे, कन्नडमधनं, आणि बऱ्याच आज्ज्यांना तो वाचता येत नाही. नदीला दोन राज्यं कळत नाहीत, मेसेजला मात्र बरोबर कळतात.

कोल्हापूरच्या कुठल्याही पोराला विचारा, राजाराम बंधाऱ्याला किती फुटाला इशारा आणि किती फुटाला धोका. ३९ आणि ४३, झोपेत सांगतो. आपल्या नदीचा असा आकडा आपल्या पोरांच्या तोंडात आहे का? नाही. म्हणून पहिलं काम तेच. पुलाच्या खांबावर आणि घाटावर फुटाच्या पट्ट्या रंगवायच्या, लांबनं आणि रात्री बॅटरीच्या उजेडात पण वाचता येतील अशा, आणि गल्लीतल्या लाईटच्या खांबांवर, भिंतींवर २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा पक्क्या करायच्या. आज त्या खुणा प्रत्येकाच्या घरात आहेत, कुणी पेन्सिलनं केल्यात, कुणाच्या भिंतीवर ओल तशीच राहिलीय, पण दिवाळीला चुना मारला की जातात. सगळ्या एकदा लेव्हल ट्यूबनं, म्हणजे गवंड्याच्या पाणी भरलेल्या नळीनं, जुळवल्या की मग घाटावर अमुक फूट पाणी म्हणजे तुमच्या उंबऱ्याला किती हे आधीच सांगता येईल. खांबावर रंगवायला परवानगी लागते, अर्ज दिलाय, पाठपुरावा चालू आहे. ऑइल पेंट, शिडी आणि पेंटरची मजुरी, फार खर्च नाही यात.

खर्च आहे तो सामान उचलण्याचा. हे वाचताना साधं वाटेल पण नुकसान बघितलं तर सगळं इथंच आहे. पिठाच्या गिरणीची मोटर चार माणसांना उचलत नाही, आणि पुराच्या रात्री चार माणसं मिळत पण नाहीत, ज्याची त्याला पडलेली असते. तिला चेन पुली लागते, वर तुळईला किंवा लोखंडी अँगलला अडकवली की एकटा माणूस मोटर छातीच्या वर नेतो. अशा दोन-तीन चेन पुल्या गल्लीच्या मालकीच्या असल्या तर गिरणी, वेल्डिंगवाला, फ्रीज दुरुस्तीवाला सगळ्यांचं भागतं. मिरचीच्या गोडाऊनचं वेगळंच. वाळलेली मिरची एकदा भिजली की संपलं, दुसऱ्या दिवशी पोत्यात हात घातला तर गरम लागतं आणि वास सुटतो, मग उन्हात घाला नाहीतर काय करा, काळी पडते, तिला कुणी विचारत नाही. व्यापाऱ्याचं तरी दुसरीकडं काहीतरी असतं, पण बायका घरी मसाला, पापड करून विकतात त्यांचं वर्षाचं भांडवल त्या दोन पोत्यांत असतं. त्यांच्यासाठी उंचावर एक हॉल आणि एक गोडाऊन तोंडी ठरलंय, मालक भाडं घेणार नाहीत म्हणालेत, पण रॅक करायला पाहिजेत, प्लास्टिकचे झाकणाचे बॅरल पाहिजेत, आणि सामान न्यायला ट्रॅक्टरचं डिझेल. ट्रॅक्टर फुकट मिळतो, डिझेल फुकट मिळत नाही!

दुसरी गोष्ट जरा घाणेरडी आहे पण सांगतो. पूर दारातनं यायच्या आधी संडासातनं येतो. नदी चढली की गटारीचं तोंड पाण्याखाली जातं आणि आतलं सगळं उलटं फिरून घरात. रस्ता कोरडा आणि मोरीत घोटाभर काळं पाणी, असं झालंय की नाही सांगा. नदीकडं तोंड असलेल्या पाइपांना नॉन रिटर्न व्हॉल्व, म्हणजे पाणी बाहेर सोडणारी पण उलटं आत न घेणारी झडप, बसवला तर हे बरंच थांबतं. सगळ्या घरांना परवडणार नाही, सुरुवात सगळ्यात खालच्या घरांपासनं. प्लंबिंगचं काम करणाऱ्या दोघांनी मजुरी घेणार नाही म्हणून सांगितलंय, सामानाचे पैसे आपण उभे करायचे. मुख्य गटारींचं काम पुरसभेचं (नगरपालिकेचं), त्यांनीच करायला पाहिजे, त्याचं निवेदन वेगळं दिलंय, वर्गणीतला एक रुपया तिकडं जाणार नाही. हे मुद्दाम लिहितोय कारण कालच एकानं विचारलं.

माणसं काढायचा विषय. पूर आला की आपण एनडीआरएफची वाट बघतो, पण २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळेला यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि पुणे-बेंगळूरू रस्ता बंद पडला, गडहिंग्लजचा रस्ता तर त्याच्या आधीच जातो. म्हणजे पहिला दिवसभर तरी आपले आपणच. पूर्वी गुऱ्हाळाच्या काहिलीत बसवून माणसं काढायचे, अजून पण काही जणांची भिस्त तिच्यावरच आहे. काहील तरंगते हे खरं, पण तिला सुकाणू नाही, एका बाजूला माणूस उठून उभा राहिला की कलंडते, आणि धारेला लागली तर गोल फिरत कुठं जाईल नेम नाही. बायका-पोरं, आजारी माणसं त्यात घालायची म्हणजे जिवाशी खेळ. लाइफ जॅकेट पाहिजेत, चांगलं म्हटलं तर हजार-दीड हजाराच्या घरात जातं, लहान मुलांच्या मापाची पण पाहिजेत. जाड दोर, हेडटॉर्च, भोंगा, शिट्ट्या. हवेची रबरी बोट घ्यायची इच्छा आहे, पण ती सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर. फोटोला बोट छान दिसते म्हणून सगळे आधी बोटच घ्या म्हणतात, आमचं मत स्पष्ट आहे, माणसं वेळेत कोरड्या पायानं बाहेर पडली तर बोट लागत नाही. त्यासाठी कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुठं बाळंतीण, कुठं एकटी आजी, याची वही बायकांनी घरोघर फिरून चालू केलीय. वही त्यांच्याकडंच राहील, ग्रुपवर टाकणार नाही. म्हशींचं पण लिहून घेतोय, कारण म्हैस दावणीला असली की माणूस घर सोडत नाही, हे दरवेळचं आहे. तिच्यासाठी उंचावर जागा आणि चार दिवसाचा चारा बघितला की मालक आपोआप निघतो.

गंजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या सरकारी छावणीत, जेवण मिळतं, त्याची काळजी नाही. काळजी कागदाची. २०१९ ला सरकारनं तातडीचे १० हजार आणि पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख जाहीर केले, पण ते मिळायला आधार, रेशन कार्ड, घराचा उतारा, बँक पासबुक लागतं, आणि कित्येकांचे कागद लगदा होऊन ट्रंकेत चिकटलेले होते. कुणाचं घर अजून आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन जमाना झाला. म्हणून जूनच्या आत प्रत्येक घराला झाकबंद प्लास्टिकचं पाकीट द्यायचं, कागद स्कॅन करून ज्याचे त्याच्या फोनमध्ये ठेवून द्यायचे, आणि घराचे आतनं-बाहेरनं आत्ताच फोटो काढून ठेवायचे. पंचनाम्याला आलेल्या माणसाला पडलेली भिंत दिसते, ती आधी कशी उभी होती ते दिसत नाही. इथं कन्नड चांगलं लिहिता येणारी पोरं-पोरी हव्यात, अर्ज कन्नडमध्ये भरायचे असतात, पैसे नसतील तर रोजचा एक तास द्या, तो आम्हाला पैशापेक्षा जास्त उपयोगाचा आहे.

आणि मातीच्या भिंतीवाल्यांना एक सांगणं, हे वर्गणीत बसत नाही पण राहवत नाही. पाणी ओसरलं की लगेच आत झोपायला जाऊ नका. भिंत पाण्यात असताना पडत नाही तेवढी पाणी उतरून ऊन लागल्यावर पडते, आतली माती मऊ झालेली असते आणि बाहेरचा पाण्याचा आधार गेलेला असतो. सिलेंडर बंद करून साखळीनं बांधून ठेवा, भरलेला असला तरी तरंगत जातो. मीटर बोर्ड वर घ्यायचा असेल तर लायसनवाल्याकडनंच घ्या.

आता पैशाचं. रक्कम कितीही चालेल, गणपतीला देता तेवढी पुराला दिली तरी आमचं काम होतंय. कॅश देणाऱ्यांनी पावती घेतल्याशिवाय गल्लीतनं हलू नका. ऑनलाइन देणाऱ्यांनी घाटाजवळच्या फलकावर लावलेला क्यूआर कोडच वापरायचा, फॉरवर्ड होऊन आलेल्या कुठल्याही नंबरवर पैसे टाकू नका, पुराच्या काळात असले भामटे पण पाण्याबरोबर येतात. बाहेरगावच्यांनी आपल्या घरच्यांकडनं फलकाचा फोटो मागवून घ्या. खातं दोघांच्या सहीचं आहे, त्यातली एक सही बायकांच्या संघाची, जमा-खर्च दर रविवारी त्याच फलकावर लागेल, बिलासकट. वस्तू द्यायच्या असतील तर नवीन बॅरल, दोर, ताडपत्री, टॉर्च, ब्लीचिंग पावडर एवढंच. जुने कपडे आणू नका, मनापासनं सांगतोय, मागच्या वेळचे अजून एका खोलीत पडलेत.

तरण्या पावसापर्यंत, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, सामान जागेवर पाहिजे. २०२१ चं पाणी म्हाताऱ्या पावसात, म्हणजे जुलैच्या शेवटाकडं, आलं आणि २०१९ चं आश्लेषात, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला, तेव्हा फार दिवस हातात नाहीत. येत्या रविवारी सकाळी सातला घाटावर जमायचंय, खुणा जुळवायचं काम त्याच दिवशी सुरू. ज्यांच्या घरात २०१९ किंवा २०२१ ची खूण आहे त्यांनी घर उघडं ठेवा, पोरं टेप आणि लेव्हल ट्यूब घेऊन येतील. पेंटर आणि गवंडी यांनी जरा लवकर यावं, चहा-पोह्याची सोय मार्केटमधल्या एका दुकानदारानं घेतलीय.