मामा, वर्षभर एकही रोप लावलं नाहीत, त्याबद्दल

आमच्या बागेच्या माळीमामांस सप्रेम नमस्कार,

मोबाइलवर एवढं मोठं तुम्ही वाचणार नाही हे ठाऊक आहे, पण नात वाचून दाखवील. हे उघड लिहितेय, कारण नव्या घरात राहायला गेलेली माणसं पहिल्याच रविवारी नर्सरी गाठतात. मीही तशीच घाई केली होती. उरुळी कांचनहून टेम्पो भरून चाळीस रोपं आणली आणि मग तुम्हाला बोलावलं. तुम्ही फाटकातून आत आलात, रोपांकडे बघितलंसुद्धा नाही. भिंतीकडेला उकिडवे बसलात आणि खुरप्याच्या टोकानं माती उकरत म्हणालात, "ताई, पाणी कुठं थांबतंय ते आधी बघू. झाडं काय, कवाबी लावता येत्यात."

आमची जागा जेमतेम दोन गुंठे. घर वजा जाता बाराशे चौरस फूट उरतं, त्यातलं बरंचसं समोर, उत्तरेला. तुमच्या आधी एका लँडस्केपवाल्यानं तिथं कार्पेट लॉन अंथरून दिली होती. पहिला महिना पाहुणे फोटो काढत होते. दिवाळीपर्यंत ती पिवळी पडली, तेव्हा तो म्हणाला पाणी कमी पडतंय. मी पाणी वाढवलं, तर आईंच्या खोलीची भिंत ओलीनं फुगली आणि पोपडे सुटायला लागले. आई म्हणजे माझ्या सासूबाई, पंचाऐंशीच्या; रात्री खोकायच्या आणि सकाळी माझ्याकडे नुसतं बघायच्या.

तुम्ही पहार मागितलीत. दीड फूट खड्डा घेतलात, तर दोन बोटं लाल मातीखाली बांधकामाचा राडारोडा निघाला: टाइल्सचे तुकडे, सिमेंटच्या फाटक्या गोण्या आणि त्याखाली ठोकून बसवलेला मुरूम. संध्याकाळी तुम्ही खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलंत. सकाळी येऊन बघता निम्मं पाणी तसंच. "हितं गवत नाय, म्हशी बसतील," असं म्हणालात आणि आई कितीतरी दिवसांनी हसल्या.

मग जूनमध्ये सगळे लावायच्या घाईत असताना तुम्ही ताग पेरलात. खरं सांगते, मला राग आला होता. रोपं कुंड्यांत नि पिशव्यांत ताटकळलेली, पाऊस सुरू झालेला, आणि बंगल्यापुढे शेत! शेजारी विचारायचे, यंदा काय पीक? बेवड मिळेल, म्हणजे पुढच्या लागवडीसाठी जमिनीचा कस वाढेल, खत होईल, एवढंच तुम्ही सांगितलं होतंत. दुसरं काम मला ऑगस्टमध्ये कळलं. तागाला साचलेलं पाणी सोसत नाही. गच्चीवरून बघितलं तर एरवी कमरेच्या वर गेलेल्या हिरव्या तागात घराच्या भिंतीलगत एक वाकडातिकडा पिवळा पट्टा दिसत होता, पन्हळीच्या पाइपापासून थेट आईंच्या खिडकीखालपर्यंत. पाणी कुठं थांबतं त्याचा नकाशाच उगवला होता.

त्या रात्री मी हिशेब केला. आमची गच्ची साधारण चौऱ्याऐंशी चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. इंचभराची एक सर आली की गच्चीवरून दोन हजार लिटरच्या वर पाणी खाली येतं, आणि ते सगळं आम्ही एका पाइपानं पायाशी ओतत होतो! इतकी वर्षं मीटर-लिटरचं गणित शाळेत शिकवलं, पण घरचा पाइप कधी मोजला नव्हता.

तागाला फुलं येऊ लागली तशी तुम्ही तो कापून मातीत गाडलात. दिवाळीनंतर भिंतीपासून बाहेर उतार दिलात, पाइपाचं तोंड चरात वळवलंत आणि चर फाटकाजवळच्या खड्ड्यात सोडलात. तो खड्डा भरायला विकतची खडी आणू दिली नाहीत. आमच्याच जमिनीतून निघालेले विटांचे आणि टाइल्सचे तुकडे खाली, वर वाळू. काठावर कर्दळ आणि वाळा लावायचं ठरलं, पण तेही पुढच्या जूनला.

मधल्या काळात तुम्ही सावली आखलीत. आईंना सगळ्यात जास्त गंमत त्याची. घराची उंची बावीस फूट. डिसेंबरच्या शेवटी, ऊन सर्वांत तिरकं असताना, तुम्ही सकाळी नऊला, दुपारी साडेबाराला आणि चारला अंगणात सावलीच्या कडेनं पांढऱ्या भुकटीची, फक्कीची, रेघ टाकलीत. दुपारची रेघ भिंतीपासून जवळजवळ वीस फुटांवर पडली. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भरदुपारी सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, तेव्हा तीच जागा उन्हात भाजते. सहा महिन्यांत इतका फरक पडणाऱ्या जागी लॉन का टिकली नाही, हे मला त्या पांढऱ्या रेघेनं समजावलं.

त्यामुळे मोगरा रेघेच्या पलीकडे गेला, फाटकाशी. घराजवळ हळद, अनंत, अडुळसा आणि नेचे. मधे शहाबादी फरशा, फटी मोकळ्या ठेवून. कोपऱ्यात एकच मोठं झाड, बकुळ; मी सावकाश वाढतं म्हणून कुरकुरले, तर म्हणालात, "भिंतीला बी सावकाशच बरं." माझ्या चाळीस रोपांपैकी सतरा लागली. बाकीची तुम्ही कोणाकोणाला वाटायला लावलीत, हे मात्र अजून थोडं टोचतं.

तुमच्याकडून आणखी एक सवय लागली. जास्वंदीवर मुंग्यांची रांग दिसली की मी आता पानांच्या बेचक्यात बघते. पिठ्या ढेकूण तिथं बहुधा असतो, त्याच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या आलेल्या असतात. आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाचे थेंब, तेही ऊन उतरल्यावर. पूर्वी मी मुंग्यांनाच पावडर टाकायचे. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत खुपसते, त्यामुळे नखं कधीच स्वच्छ नसतात. पालापाचोळा मात्र आई राखतात. झाडणाऱ्या बाईंनी तो गोळा करून पेटवायला घेतला, तर खिडकीतून ओरडतात, "अगं, मामा रागावतील!"

आईंची भिंत दोन पावसाळे कोरडी आहे. गेल्या वर्षी रंग दिला, पोपडा नाही. त्यांनी तुमच्यासाठी बकुळीची फुलं वाळवून ठेवायचं कबूल केलंय, पण बकुळ अजून माझ्या खांद्याएवढीच आहे. त्यांना त्याची पर्वा नाही.

तुमचा गुडघा धरलाय आणि माणला गावी गेलात की लवकर परतत नाही, असं तुमच्या मुलानं सांगितलं. घाई नाही. पण पूर्वेच्या शेजाऱ्यांनी दोन मजले चढवलेत. परवा सकाळी नऊला मी स्वतः फक्की घेऊन उभी राहिले, तर त्यांच्या घराची सावली मोगऱ्याला ओलांडून चार हात पुढे पडलेली. त्याला हलवायचा की राहू द्यायचा, मला ठरवता येईना. आई म्हणाल्या, थांब, मामांना विचारू. म्हणून तूर्त काही उपटलेलं नाही आणि काही लावलेलंही नाही.

तुमची,
ताई