इथे पूर येतो

नागपूर,
रविवार दुपार

ती. आई आणि बाबा यांस,
शि. सा. नमस्कार.

फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं आई म्हणणार. फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, ते नुसतं ‘हो, हो’ करतात, आणि मग आई, तू त्यांना माझं बोलणं तुझ्या पद्धतीने सांगतेस. या वेळी तुझी पद्धत नको. कादंबरी पूर्ण झाली.

‘होत आलीये’ नव्हे, झाली. शेवटच्या पानाखाली रेघ मारली, दोन दिवस तिच्याकडे बघितलंही नाही, मग परत वाचली. तरीही झालेलीच होती.

मधल्या काळात तुम्ही दोघांनी विचारणं कसं हळूहळू बंद केलंत, ते मला कळत होतं. आधी ‘किती पानं झाली?’, मग ‘लिहितेस ना?’, आणि शेवटी फक्त तब्येत, पाऊस आणि नातीची परीक्षा. तुम्ही विचारत नव्हतात याचं बरंही वाटायचं आणि वाईटही. नक्की काय अडलं होतं, ते तेव्हा मलाच नीट सांगता आलं नसतं. आता सांगते.

पहिली निम्मी कादंबरी भराभर झाली होती. नारायण पेठेतला वाडा, आजोबांची सायकल, चौकातला हौद, भाडेकरूंची भांडणं, हे सगळं मी लहानपणापासून इतकं ऐकलंय की लिहिताना हात थांबत नव्हता. १२ जुलै १९६१ची सकाळ आली आणि थांबला. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं फुटलं, पाणी पुण्यात शिरलं. एवढं लिहायला जे बसायची, ते प्रत्येक वेळी एकतर बातमी व्हायची किंवा सिनेमा. लाटा उसळतायत, माणसं किंचाळतायत. वाचून माझी मलाच लाज वाटायची.

मग मी वाचत सुटले. पानशेतचं बांधकाम खरं तर १९६२ मध्ये पुरं व्हायचं होतं. त्याच्या आधीच्या पावसाळ्यातच पाणी अडवायची घाई झाली, पाणी सोडायच्या मोरीचं काम अर्धवट राहिलं, तिच्यावरचा मातीचा भराव खचत गेला, आणि आदल्या रात्री जवान वाळूची पोती रचत होते. चौकशी आयोगाचे न्यायमूर्ती बावडेकर यांनी अहवाल पूर्ण होण्याआधीच स्वतःचं आयुष्य संपवलं, मग न्यायमूर्ती नाईकांचा आयोग आला. बावडेकरांपाशी मी फार रेंगाळले. तो माणूस रात्री दिवा मालवल्यावरही डोक्यातून जाईना. पण ती वेगळी कादंबरी आहे, आणि ती लिहायची ताकद माझ्यात आज तरी नाही. एक मात्र खरं: लिहायचं टाळायला संशोधनासारखी प्रतिष्ठित जागा दुसरी नाही. कोणी विचारलं तर ‘वाचन चालू आहे’ म्हणता येतं, आणि समोरचा मान डोलावतो.

वाचन जसं वाढलं तसा धीर कमी झाला. बाबा, पुण्यात साठीच्या पुढच्या कुठल्याही माणसाला विचारा, त्याच्या घरात पुराची गोष्ट आहे. पाणी कुठल्या बोळातून आलं, कुठल्या जिन्यापर्यंत चढलं, लकडी पूल कधी दिसेनासा झाला. मी १९८१ची. मी पाहिलंय ते तुमच्या बोटाने भिंतीवर दाखवलेलं पाणी, तेही दुसऱ्याच घराच्या भिंतीवर, कारण आपला वाडा तर राहिलाच नाही. मी कोण हे लिहिणार?

आणि हे विचारणारा आवाज तुमचा होता, बाबा. रागावू नका. छापखान्यात पस्तीस वर्षं मुद्रितं तपासलेल्या माणसाच्या घरात जी मुलगी वाढली, तिच्या डोक्यात लाल पेन्सिल कायमची असणारच. शाळेतून तुम्हाला लिहिलेल्या पत्रांवरसुद्धा तुम्ही खुणा करून ती परत पाठवायचात (आई ती पत्रं अजून ठेवून आहे, मला माहीत आहे). मी वाक्य लिहायच्या आधीच समासात काट मारलेली दिसायची. माझं शुद्धलेखन त्या पेन्सिलीमुळेच चांगलं आहे. फक्त पहिल्या खर्ड्याला ती चालत नाही, कारण पहिल्या खर्ड्यात तपासायला काही नसतंच.

शेवटी कंटाळून मी वहीत एक पान कोरं ठेवलं, वर लिहिलं ‘इथे पूर येतो’, आणि उलटलं. पुढे काय लिहायचं, तेही ठाऊक नव्हतं.

ते आई, तू सांगितलंस. तुला आठवणारही नाही. गेल्या उन्हाळ्यात इथे नळाला पाणी नव्हतं आणि मी फोनवर कुरकुर करत होते. तू म्हणालीस, ‘आमच्या सासूबाईंना विचारायला हवं होतंस. एवढा पूर आला आणि त्यानंतर प्यायला घोटभर पाणी नाही.’ आणि मग भाजी फोडणीला टाकायची म्हणून तू फोन ठेवलास.

मी तशीच बसले. मला हे माहीत होतं, वाचलंही होतं. खडकवासल्याची भिंत गेली म्हणजे शहराला पाणी देणारा साठाच गेला, हे सरळ आहे. पण पूर म्हटल्यावर सगळे पाण्याकडे बघतात, तशी मीही तिकडेच बघत बसले होते. आजी मात्र पुराची गोष्ट दुसऱ्या दिवसापासून सांगायची. गुडघाभर चिखल, कुजलेल्या धान्याचा वास, ओसरलेल्या पाण्यानंतर एकेक करून बसलेल्या मातीच्या भिंती, आणि त्या सगळ्यात जुन्या विहिरींवर कळशी घेऊन लावलेली रांग. तांब्यापितळेची भांडी गाळातून उपसून काढायची, आणि घासायला चिंच मिळते, राख मिळते, धुवायला पाणी नाही. बायकांनी काय केलं असेल? हा प्रश्न माझ्या पेन्सिलवाल्या आवाजाला येत नव्हता. त्याला तारखा येत होत्या.

त्या रात्री मी गाळाचं प्रकरण सुरू केलं आणि थांबले नाही. म्हणजे बँकेत जायला थांबले, जेवायला थांबले, पण तुम्हाला कळलं मी काय म्हणते ते. खात्री वगैरे काही आली नव्हती. ‘हे कशाला लिहितेयस’ रोज वाटायचं, फक्त ते वाटत असताना घंगाळ कुठे सापडलं ते लिहून व्हायचं. हुरूप आधी येतो आणि मग माणूस लिहायला बसतो, असं मी इतकी वर्षं समजत होते. माझ्या बाबतीत तो बहुतेक दुसऱ्या पानाच्या आसपास येतो, आणि कधी येतही नाही. न येताही पान भरतं.

मग एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, गणपतीपर्यंत कथा हवी होती. मी गाळाचंच प्रकरण थोडं आवरून दिलं. गेल्या दिवाळीत तुम्ही वाचलीत ती हीच, ‘कथा’ म्हणून छापलेली. बाबा, तुम्ही त्यातल्या दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका कळवल्यात. मी हिरमुसले होते. नंतर आईने हळूच सांगितलं की चुका पहिल्या वाचनात सापडल्या होत्या, आणि तुम्ही ती पुन्हा वाचलीत, पेन्सिल न घेता. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण असो. उरलेला उत्तरार्ध त्यानंतरच झाला. पूरग्रस्तांच्या वसाहती, लोकमान्यनगर, सहकारनगर, सोसायटीच्या कागदांवर आजोबांची सही, आणि नव्या घरात नदी दिसत नाही म्हणून चिडचिड करणारी आजी.

कोरं पान सर्वांत शेवटी भरलं. तीनच पानं झाली. बाबा, लहान असताना मी विचारलं होतं की तुम्ही पाणी येताना काय करत होतात, आणि तुम्ही म्हणाला होतात, ‘पायऱ्या मोजत होतो. कितवी बुडाली ते.’ नऊ वर्षांचा मुलगा जिन्यात उभा राहून पायऱ्या मोजतोय, आधी गटारातून पाणी वर येतंय, आणि वरून त्याला हाका मारतायत. माझ्या कादंबरीत पूर एवढाच आहे. बंडगार्डनचा सोडून सगळे पूल पाण्याखाली गेले, हे त्या मुलाला संध्याकाळी कोणीतरी सांगतं आणि त्याचा विश्वास बसत नाही.

आता कामाचं. परवा स्पीड पोस्टने दोन जाड बाडं टाकतेय, स्पायरल बाइंडिंग केलेली. अक्षर मोठं ठेवलंय, कारण आईचं मोतीबिंदूचं दुसरं ऑपरेशन अजून व्हायचंय. आईने आधी वाचायचं. सासूबाई म्हणून जी आहे ती आजीच आहे, पण पूर्ण आजी नाही, तेव्हा ‘त्या असं बोलायच्या नाहीत’ हे मला सांग, फक्त प्रत्येक पानाला नको.

बाबा, तुमचा नंबर दुसरा. पहिल्यांदा वाचताना हातात काही घ्यायचं नाही. आई लक्ष ठेवेल. दुसऱ्यांदा मात्र लाल पेन्सिल घ्या आणि अजिबात दया दाखवू नका, प्रकाशकांकडे पाठवण्याआधी मला तुमच्याकडूनच तपासून हवंय. ओंकारेश्वराच्या घाटावरून वाड्याकडे यायचा रस्ता मी नकाशावरून लिहिलाय, तो आधी बघा. आणि जिन्याला पायऱ्या किती होत्या ते आठवत असेल तर कळवा, मी अंदाजे सोळा धरल्या आहेत.

शुगर तपासून घ्या. दोघांनीही.

तुमची,
धाकटी