पोर्ट तुटला म्हणजे प्रिंटर गेला का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात घर आवरताना टेबल भिंतीकडे सरकवलं, मागे प्रिंटरची केबल लावलेलीच होती ते लक्षात राहिलं नाही, केबलचं टोक भिंतीवर दाबलं गेलं आणि कट्ट असा आवाज आला. मी प्रभादेवीला घरीच आठवी ते दहावीचा क्लास घेते, प्रिलिम तोंडावर आलेली, रोज प्रश्नपत्रिका काढायच्या असतात, त्या आवाजाने पोटात गोळाच आला.

केबल परत लावली तर लॅपटॉपवर 'पॉवर सर्ज ऑन द यूएसबी पोर्ट' असा मेसेज. दुसरी केबल लावली तरी तेच. शेजारच्यांच्या कॉम्प्युटरला लावून बघणार होते पण थांबले आणि बरं झालं थांबले. मोबाइलचा टॉर्च मारून आत बघितलं. प्रिंटरच्या मागे केबल खुपसायचा तो चौकोनी पोर्ट असतो ना, दोन कोपरे तासलेला, टाइप-बी म्हणतात त्याला, त्याच्यात मधोमध प्लास्टिकची जीभ असते आणि जिभेच्या वर दोन खाली दोन अशा चार पिना. दोन डेटाच्या, एक पाच व्होल्टची, एक ग्राउंडची. आमची जीभ अर्धी मोडलेली आणि पाच व्होल्टवाली पिन वाकून बाजूच्या पत्र्याला टेकलेली, म्हणजे सरळ शॉर्ट. अशा वेळी केबल परत परत घालून बघितली तर लॅपटॉपचाही पोर्ट जाऊ शकतो. म्हणून सगळ्यांना सांगते, असा मेसेज आला की आधी केबल काढा, प्रिंटरचा स्विच बंद करा आणि टाचणीने पिना सरळ करायच्या भानगडीत पडू नका.

मग केबल न लावता प्रिंटर चालू केला, काचेवर एक कागद ठेवला आणि झेरॉक्सचं बटण दाबलं. स्वच्छ झेरॉक्स आली! म्हणजे शाई, हेड, रोलर सगळं ठणठणीत, गेला तो फक्त पोर्ट. वायफायवाला प्रिंटर असता तर केबलशिवाय त्या दिवशीच काम झालं असतं, ज्यांच्याकडे तो असेल त्यांनी हे आधी करून बघा. माझ्याकडे साधा, केबलवालाच.

सर्व्हिस सेंटरला गेले. वॉरंटी चार महिने शिल्लक होती पण आपल्या हातून तुटलं तर वॉरंटीत बसत नाही, ते मला मान्य आहे, त्याबद्दल माझी तक्रारच नाही. तक्रार पुढची आहे. काउंटरवरच्या मुलाने प्रिंटर उघडलासुद्धा नाही, म्हणाला मॅडम पोर्ट सुटा बदलत नाही, अख्खा बोर्ड बदलावा लागेल, ५२०० रुपये, त्यापेक्षा नवीन घ्या. मी म्हटलं हेच जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, लिहून द्या. नाही दिलं.

दुसऱ्या दिवशी प्रिंटर मोठ्या पिशवीत घालून लोकलने ग्रँट रोडला उतरले आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडवर विचारत विचारत एका जिन्याखालच्या दुकानात पोचले. तिथल्या दादांनी मागचं कव्हर काढलं, मीटर लावला, शॉर्ट आहे तिथे टूं वाजलं. मग फ्लक्स (सोल्डर नीट वितळायला लावतात ते) लावून सोल्डरचे सहा टाके सोडवले, चार पिनांचे आणि दोन पत्र्याच्या पायांचे, जुना पोर्ट अलगद उचलला, भोकं साफ केली आणि नवीन पोर्ट बसवून परत सोल्डर केलं. केबल लावायच्या आधी मीटर पुन्हा लावला, हे मला फार आवडलं. पाऊण तास लागला आणि ३५० रुपये झाले.

घरी आल्यावर थोडं घाबरायला झालं कारण प्रिंटर ऑफलाइन दाखवत होता आणि सगळ्या प्रिंट रांगेत अडकलेल्या. पण केबल लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टात लावली होती म्हणून विंडोजने त्याच नावापुढे 'कॉपी १' असा नवीन प्रिंटर तयार केला होता, तो डिफॉल्ट केला, जुनी रांग रिकामी केली आणि प्रिंट सुरू.

आता माझं म्हणणं. सरकारने २०२२ च्या डिसेंबरमध्ये 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, आणि इकडे एका छोट्या पोर्टापायी चालू प्रिंटर भंगारात घालायला सांगतात. लॅमिंग्टन रोडच्या दादांना जे पाऊण तासात जमतं ते सर्व्हिस सेंटरला का जमू नये? ज्यांना ग्रँट रोडपर्यंत ओझं नेता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसांनी, घरून टायपिंग करणाऱ्या बायकांनी काय करायचं? पाच हजार ऐकून गपचूप नवीनच घ्यायचा? निदान पोर्टसारखे सुटे भाग आणि त्यांचे दर काउंटरवर लावा, आणि दुरुस्ती नाकारायची असेल तर कारण जॉबशीटवर सहीसकट द्या. मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवणार आहे, ज्यांना असंच उत्तर मिळालं असेल त्यांनीही नोंदवावी.

आपली,
एक वाचक, प्रभादेवी, मुंबई